दातांची निगा राखणाऱ्यांनी आपली निगा कशी राखावी?

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे ‘पुढे काय करावे’ हा प्रश्न घरोघर निघतो. डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक, परिचारिका ही नावे तेव्हा सर्वांच्या तोंडी असतात. ज्याचे नाव कोणाच्या फारसे तोंडी नाही, परंतु ज्याचे सारे काम मात्र तोंडातच चालते, अशा एका धंद्याची माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. हा धंदा म्हणजे डेंटल हायजिनिस्टचा. दंतवैद्याच्या देखरेखीखाली दात साफ करणे व दातांची निगा कशी राखावी हे लोकांस शिकविणे, हे हायजिनिस्टचे काम होय.

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरी डॉ. आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. किडलेला दात उपटण्यापेक्षा तो किडूच न देणे बरे, असे त्यांचे मत होते. १९०६ साली त्यांनी आयरीन न्यूमन ह्या आपल्या मदतनीस बाईंस दात साफ करण्याची विद्या शिकविली आणि १९१३ साली तिची शाळाच काढली. त्या शाळेत शिकून निघालेल्या कित्येक स्त्रियांस शहरातील शाळांतून मुलांचे दात साफ करण्याच्या कामी नेमण्यात आले. आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टची व्याख्या केली व त्यांच्या नोंदणीची तरतूद केली. हा शिक्षणक्रम दोन वर्षांचा आहे. मुलगे व मुली दोघांसही तो खुला आहे. लेखनाच्या सोयीसाठी आम्ही येथे ‘ती’ म्हणू.

आता कामाचे स्वरूप पाहू. दातांवर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो वेळीच घासून काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होतो. ह्यालाच आपण कीटण म्हणतो. ते ब्रशाने निघत नाही. त्याच्या योगाने हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दातांच्या मुळाशी असलेले हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतात. दात साफ केल्याने ते सैल होतात, ही समजूत खोटी आहे. ते आधीच सैल झालेले असतात. कीटण निघाल्यावर ते आपल्या ध्यानात येते, इतकेच. पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरील गाव. येथून परभणीचे दंत महाविद्यालय फार दूर नाही. तरीही दाढ ठणकून रात्रीची झोप उडेपर्यंत आपण दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यातच पुष्कळ घरांत मिसरी लावण्याची व तंबाखू खाण्याची सवय. अशा लोकांस न दुखविता ती सवय सोडावयास लावणे, हेही ह्या कामात येते.

काम असे उपयोगी आहे खरे. परंतु ते करणाऱ्याच्या शरीरावर त्याचा भार किती पडतो, हे निवड करण्यापूर्वी जाणले पाहिजे. तोंडातील जागा लहान व अंधारी. ती नीट दिसावी म्हणून हायजिनिस्ट मान वाकविते, खांदा उचलते, कंबर पिळते आणि त्याच स्थितीत बराच वेळ राहते. मनुष्याचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर कोसभर चालता येते; तीच हात लांब करून धरली तर क्षणात हात भरून येतो. मान पुढे झुकली म्हणजे डोक्याचे ओझे असेच लांब धरलेल्या कळशीसारखे होते. म्हणून ह्या धंद्यात मान, खांदे, पाठ व मनगट यांची दुखणी फार आढळतात आणि त्यांपायी काहींना कामच सोडावे लागते.

ह्यावर उपाय आहेत, आणि ते पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावे लागतात. आपण रोग्याकडे वाकू नये, तर रोग्याची खुर्ची आपल्या कोपराच्या उंचीस आणावी. मान २० अंशांहून अधिक झुकू देऊ नये; जे सरळ दिसत नाही ते लहान आरशात पाहावे. हत्यार नेहमी धारदार ठेवावे. एका हत्याराचा आकार तर विळ्यासारखाच असतो. बोथट विळ्याने कापणी करणाऱ्याचा हात लवकर का थकतो, हे शेतकऱ्याच्या मुलांस सांगावयास नको. दोन रोग्यांच्या मध्ये उठून पाठ ताठ करावी, बोटे मोकळी करावी. वेगाने कंप पावणाऱ्या यंत्राने कीटण काढताना पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात व त्यांबरोबर जंतूही येतात. २०२० च्या कोरोनाच्या साथीत हे साऱ्या जगास कळून आले. म्हणून मुखपट्टी, चष्मा व हातमोजे यांवाचून काम करू नये, आणि हिपॅटायटिस-बी ह्या यकृताच्या रोगावरील लस आधीच पूर्ण घ्यावी.

मनाचा शीणही लहान नसतो. येणारा रोगी बहुधा भ्यालेला असतो. त्यास धीर द्यावयाचा, बाहेर ताटकळलेल्यांची घाई सोसावयाची आणि हात मात्र स्थिर ठेवावयाचा. अशा वेळी ‘सेवा म्हटली की सोसावेच लागते’ असे म्हणून पुष्कळ भली माणसे आपले दुखणे लपवितात. हे मत आम्हांस मान्य नाही. प्रभू येशूने शेजाऱ्यावरील प्रीतीचे माप स्वतःवरील प्रीतीवरून घ्यावयास सांगितले आहे. ज्याने स्वतःच्या देहाची हेळसांड केली, त्याच्या हाती दुसऱ्यासाठी माप तरी कोणते उरणार? दुखू लागलेली मान ही त्यागाची खूण नसून कामाची मांडणी चुकल्याची सूचना आहे. ती पहिल्याच वर्षी ऐकली तर धंदा पुष्कळ वर्षे चालतो. दाबून ठेविली तर एक कुशल हात समाजास अकाली मुकावा लागतो.

ह्यात रोग्यांचाही वाटा आहे. पालकांनी मुलांस दात घासूनच दवाखान्यात न्यावे, ठरल्या वेळी न्यावे, आणि कोणताही आजार असल्यास तो लपवू नये. ‘डोके इकडे वळवा’ असे सांगितले म्हणजे लगेच वळवावे, कारण आपण तसूभर वळलो तर समोरच्या व्यक्तीची पाठ तितकी वाचते. दोन रोग्यांमध्ये ती क्षणभर थांबली, तर तिला आळशी म्हणू नये.

आणि विद्यार्थ्यांनो, हा धंदा तुम्ही पत्करा अथवा न पत्करा, ताठ बसण्याचा अभ्यास आजपासूनच करा. वहीवर नाक टेकवून लिहिणाऱ्यांची पुढे कोणत्याही धंद्यात हीच गत होते. ज्यांस हे काम आवडेल त्यांनी ते अवश्य करावे. मात्र दुसऱ्याचे दात राखताना आपली पाठ राखणे हाही त्याच विद्येचा भाग आहे, हे समजून करावे.