सायकलची चामडी सीट : आधी फाट शोधा, मग नट आवळा



रेक्झिन-फोमच्या सीटा आल्यापासून चामडी सीट कमी दिसते. तरी रानात जायला जुनी सायकल ठेवलेले सभासद आम्हांला गटात फिरताना भेटतात. सीटला झोळ पडला की वर पोते बांधून दिवस काढतात. अशी सीट पुष्कळदा घरीच नीट होते.

आधी रचना पाहू. या सीटला आत गादी नसते. जाड चामडे पुढे नाकाला व मागे लोखंडी पट्टीला रिबिटांनी बसवून बाजेसारखे ताणलेले असते. नाकाखाली नट-बोल्ट असतो. तो आवळला की नाक पुढे सरकते व चामडे ताणते. म्हणून झोळ दिसला की जो तो पान्हा घेऊन नटच आवळतो. हे ऊस पिवळा दिसला की युरिया टाकण्यासारखे झाले. चुनखडीच्या रानात लोह कमी पडून आलेला पिवळेपणा युरियाने जात नाही. तसेच रिबिटाचे भोक फाटले असेल तर नट आवळून फाट वाढतेच.

तेव्हा सीट काढून उलटी करावी. ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. भिजलेली सीट चुलीजवळ ठेवली तर चामडे आकसून कडक होते. मग तपासावे :

१) चामडे अखंड, नुसता झोळ : नट एका वेळी पाव फेराच फिरवावा. अंगठ्याने दाबून पाहावे. फळीसारखे ताठ करू नये.

२) दोन्ही बाजू बाहेर फाकल्या : खालच्या कडेपासून बोटभर आत, दोन्हीकडे चार-चार गोल भोके पाडावीत. बुटाच्या नाडीसारखी मजबूत दोरी ओवून बाजू जवळ ओढाव्यात. चाकूने चीर पाडू नये, ती पुढे पळते.

३) रिबीट निसटले, भोक शाबूत : आधी नट सैल करावा. त्याच मापाचे तांब्याचे रिबीट घालावे. डोके लोखंडावर टेकवून दुसरे टोक हातोडीने हलके ठोकून पसरावे.

४) भोक फाटले किंवा बैठकीत आरपार चीर : सरळ नवी सीट घ्यावी. सगळे वजन त्या चामड्यावरच असते, तिथे ठिगळ तग धरत नाही. मागे वैरणीचा भारा असताना नाक सुटले तर माणूस दांडीवर आदळतो.

निगा सोपी आहे. गोडेतेल वा इंजिनचे तेल चोपडू नये, चामडे मऊ पडून पुन्हा झोळ येतो. मेणाचे पॉलिश पातळ लावावे. पावसात वर प्लास्टिकची पिशवी घालावी, आणि भिजलेल्या सीटवर बसू नये.

— ऊस विकास अधिकारी