वसई-विरारची भूमि व तेथील कारभार

आपल्या पालघर जिल्ह्यांत महानगरपालिका एकच, ती वसई-विरारची. उमरोळीहून मुंबईकडे जाणारी गाडी सफाळें सोडून वैतरणेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळांत विरार, नालासोपारा, वसई रोड व नायगांव हीं स्टेशनें ओळीनें लागतात. हाच तो प्रदेश.

त्याच्या उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. मधली भूमि सखल. डोंगरावरून उतरलेलें पावसाचें पाणी, समुद्रास भरती असली म्हणजे, खाडींत शिरूं शकत नाहीं. पूर्वीं तें भातखाचरांत व मिठागरांत विसावत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं भराव घालून इमारती उठल्या आहेत. 2018 च्या जुलैंत रुळांवर पाणी सांचून गाड्या बंद पडल्या, त्याचें मूळ केवळ आकाशांत शोधूं नये. आणखी एक गंमत पाहा : पावसाळ्यांत बुडणाऱ्या या शहराची तहान भागविण्यास आपल्या बाजूच्या सूर्या नदीचें पाणी मासवणहून न्यावें लागतें.

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि भोंवतालचीं 53 गांवें एकत्र करून 2009 च्या जुलैंत ही महानगरपालिका स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेंत तिची वस्ती सुमारें 12 लक्ष भरली. एवढ्या लोकांचे नळ, गटारें, रस्ते, दिवे, केरकचरा व दवाखाने हें काम विस्कळित राहून चालणार नाहीं, ही एकीकरणाची बाजू खरी आहे.

परंतु गांवकऱ्यांची बाजूही तितकीच ऐकण्याजोगी आहे. वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरील गांवें केळीच्या, फुलांच्या व पानवेलींच्या वाड्यांवर वाढलेलीं. ग्रामपंचायतींत प्रत्येक मतदारास ग्रामसभेंत उभें राहून जमाखर्चाविषयीं प्रश्न विचारतां येतो. महानगरपालिकेंत तो अधिकार नगरसेवकाच्या मुखानें चालतो, आणि प्रत्यक्ष कारभार शासनानें नेमलेल्या आयुक्तांच्या हातीं असतो. महापौराचा मान मोठा खरा. तथापि अंमलबजावणीचें अधिकार आयुक्तांचे. वाढता कर व वाड्यांवर चढणारीं घरें यांचें भय बाळगून गांवकऱ्यांनीं आंदोलन केलें. 2011 सालीं शासनानें 29 गांवें वगळण्याची अधिसूचना काढली, तों प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें व वर्षानुवर्षें लोंबकळत राहिलें. माझ्या मतें दोष एकीकरणाचा नव्हे. ज्यांस सामील करावयाचें त्यांस आधीं पुरतें विचारलें गेलें नाहीं, हा आहे.

पहिली निवडणूक 2010 मध्यें व दुसरी 2015 मध्यें झाली. दुसऱ्या सभागृहाची मुदत 2020 च्या जूनमध्यें संपली आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांवांचून प्रशासकाकडूनच कारभार चालला. त्या काळांत गटार तुंबलें तरी नागरिकास अर्ज घेऊन कचेरीचीच वाट धरावी लागे. ज्यास मत देऊन निवडलें व जाब विचारावा, असा प्रभागांतील माणूस उरला नव्हता. आपल्या गांवीं ग्रामसभेची दवंडी पिटली म्हणजे पालकांबरोबर जाऊन मागें बसा व खर्चाचे आंकडे ऐका. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील तें प्रकरण मग पाठ करण्याची गरज पडत नाहीं.