लोकसंगीताचे हस्तांतरण : ज्येष्ठ नागरिक आणि शाळा

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. वृद्धांच्या प्रश्नांची चर्चा बहुधा निवृत्तिवेतन, आरोग्य व निवारा यांभोवती फिरते. वृद्धांना समाजाने काय द्यावे, याचा हा हिशेब झाला. वृद्ध व्यक्ती समाजाला काय देऊ शकतात, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. लोकसंगीत हे या दुर्लक्षित बाजूचे ठळक उदाहरण होय.

लोकसंगीत का लोपते?

लोकगीत हे बहुधा एखाद्या कामाचे वा प्रसंगाचे 'संयुक्त उत्पादन' असते. जात्यावरची ओवी दळणासोबत जन्मली. पिठाची गिरणी आली आणि स्त्रियांचे पहाटेचे कष्ट वाचले. याची खंत करण्याचे कारण नाही. मात्र दळण थांबताच ओवीचा प्रसंगही संपला. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पण ज्या घरांत त्या गायिल्या जात, तेथील नातींना त्या क्वचितच येतात.

पश्चिम राजस्थानातील मांगणियार समाजाची स्थिती थोडी वेगळी आहे. यजमान घराण्यांतील जन्म-विवाहप्रसंगी गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. मोबदला धान्य, पशू व रोख रकमेच्या रूपाने मिळे. स्थलांतर व रोखीचे व्यवहार वाढले, तसा हा आश्रय क्षीण झाला. १९६० मध्ये बोरुंदा येथे स्थापन झालेल्या रूपायन संस्थानच्या माध्यमातून कोमल कोठारी यांनी या कलावंतांना व्यापक रंगमंच मिळवून दिला. तथापि रंगमंच सादरीकरणाचे मोल देतो, शिकवण्याचे नव्हे. कमायचासारखे अवघड वाद्य मागे पडून हार्मोनियम पुढे येण्यामागे हेही एक कारण आहे.

साठा आणि प्रवाह

ध्वनिमुद्रण हा 'साठा' आहे. पिढीकडून पिढीकडे होणारे शिक्षण हा 'प्रवाह' आहे. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त सांस्कृतिक वारसा करारात जतनाच्या व्याख्येतच औपचारिक व अनौपचारिक शिक्षणाद्वारे होणाऱ्या हस्तांतरणाचा समावेश आहे. भारताने २००५ मध्ये या करारास मान्यता दिली. प्रवाह टिकण्यासाठी संपलेल्या प्रसंगाच्या जागी नवा प्रसंग लागतो आणि तो शाळा देऊ शकते.

उपलब्ध चौकट

सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र (१९७९) शिक्षकांना प्रशिक्षण देते. १९८५-८६ मध्ये स्थापन झालेल्या सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरू व शिष्य या दोघांनाही मानधनाची तरतूद आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करण्याची शिफारस केली, तर राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने स्थानिक कलावंतांना शाळेत प्रशिक्षक म्हणून आणण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजेच अभाव आहे तो धोरणाचा नव्हे, तर ते गावच्या शाळेपर्यंत पोहोचण्याचा.

अंमलबजावणीच्या तीन अटी

पहिली अट मानधनाची. शाल-श्रीफळ हा सत्कार होय, वेतन नव्हे. वृद्ध कलावंताचा तास हा शिक्षकाचा तास मानला गेला पाहिजे. दुसरी अट सातत्याची. स्नेहसंमेलनासाठी बसवलेले एक गीत म्हणजे हस्तांतरण नव्हे. त्यासाठी वर्षभर आठवड्याचा ठरावीक तास हवा. तिसरी अट संदर्भाची. गीतातील बोली, पीक, नाते व काम यांचे स्पष्टीकरण झाले, तर तोच तास भाषेचा, भूगोलाचा व इतिहासाचाही होतो.

यात सामाजिक न्यायाचाही अंश आहे. अनेक लोककलावंत जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या समाजांतील आहेत. त्यांच्या गाण्याला दाद मिळाली, पण शेजारी बसण्याचा मान मिळाला नाही. अशी व्यक्ती वर्गात गुरुजींच्या खुर्चीवर बसते, तेव्हा मुले गाण्यापलीकडचेही काही शिकतात.

समारोप

लोकसंगीताच्या शिक्षणाचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो, पण त्याची किंमत बाजारात कोणी मोजत नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक खर्च समर्थनीय ठरतो. शिवाय येथे विलंबाची किंमत वेगळी आहे. राहून गेलेला रस्ता दहा वर्षांनी, अधिक खर्चाने का होईना, बांधता येतो. ऐंशी वर्षांच्या आजीसोबत गेलेले गाणे मात्र कोणत्याही तरतुदीने परत आणता येत नाही. म्हणूनच या क्षेत्रात निधीच्या रकमेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व वेळेला आहे.