मनसरचा काळा दगड

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले, की कन्हान नदी ओलांडल्यानंतर काही वेळाने रामटेकचा डोंगर दृष्टीस पडतो. रामटेकला जाणारा फाटा जेथे फुटतो, तेथेच मनसर हे गाव आहे. रामटेकची मंदिरे पाहावयास दूरदूरचे यात्रेकरू येतात. परंतु मनसरच्या भूमीच्या पोटात एक वेगळेच धन दडलेले आहे, याची जाणीव त्यांतील थोड्यांनाच असते.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी त्या भागातील एका शाळेत शिकवीत होतो. एके दिवशी ‘आपल्या घरचा उद्योग’ या विषयावर मुले बोलत होती. कोणी शेतीविषयी सांगितले, कोणी सुतारकामाविषयी. एका मुलाची पाळी आली, तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. मी पुन्हा विचारल्यावर तो हळूच म्हणाला, “गुरुजी, माझी आई खाणीवर काळे दगड निवडते. त्यात सांगण्यासारखे काय आहे?” काही मुले हसली. मी त्याला दुसऱ्या दिवशी तसा एक दगड घेऊन येण्यास सांगितले.

तो दगड हाती घेताच त्याच्या वजनाचे सर्वांना नवल वाटले. त्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा तो कितीतरी जड होता. कागदावर घासताच काळी रेघ उमटली व बोटेही काळी झाली. हा दगड म्हणजे मँगनीज या धातूचे खनिज होय. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाने अशा काळ्या खनिजात एक नवे मूलद्रव्य असावे, असे ओळखले आणि १७७४ साली त्याचा मित्र गान याने ते कोळशाबरोबर तापवून त्यातून धातू वेगळा केला.

शुद्ध मँगनीज दिसावयास लोखंडासारखे करड्या रंगाचे असते. पण ते फार ठिसूळ असते. घणाचा घाव बसताच त्याचे तुकडे होतात. मग असा ठिसूळ धातू काय कामाचा? येथेच निसर्गाची गंमत आहे. स्वतः ठिसूळ असलेले मँगनीज पोलादाला मात्र बळ देते.

लोखंडाचे खनिज दगडी कोळशापासून केलेल्या कोकबरोबर भट्टीत वितळवितात, तेव्हा लोखंडात थोडे गंधक उतरते. गंधक व लोखंड यांचा संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो लवकर वितळतो. त्यामुळे लालभडक पोलाद लाटावयास घेतले, की त्याला तडे जातात. भट्टीत मँगनीज घातल्यास ते लोखंडाच्या आधी गंधकाला आपल्याकडे ओढून घेते. पोलादात राहिलेला प्राणवायूही ते काढून घेते आणि पोलाद निर्दोष होते.

१८८२ साली इंग्लंडमधील रॉबर्ट हॅडफील्ड या तरुणाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. मँगनीजचे प्रमाण थोडे वाढविले, तर पोलाद ठिसूळ होते, असा तोपर्यंतचा अनुभव होता. हॅडफील्डने तेथे न थांबता ते प्रमाण शेकडा बाराच्या आसपास नेले. आणि काय आश्चर्य! जितके घाव बसावेत तितका ज्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो, असे चिवट पोलाद त्याच्या हाती लागले. रेल्वेचे रूळ जेथे एकमेकांना ओलांडतात, तेथे प्रत्येक चाकाचा धक्का बसतो. तेथे असेच पोलाद वापरतात. खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडेही त्याचेच असतात.

आपल्या घरातही मँगनीज आहे. विजेरीतील साध्या घटात जस्ताच्या डब्यात कार्बनची एक कांडी असते आणि तिच्याभोवती काळी भुकटी दाबून भरलेली असते. त्या भुकटीत मँगनीजचे भस्म असते. ते नसेल, तर विजेरीचा प्रकाश लवकरच मंदावेल. पटकीच्या साथीत विहिरीत टाकीत असत, ते जांभळे औषध पोटॅशियम परमँगनेट हेही मँगनीजचेच एक संयुग होय. काचेतील हिरवट झाक घालविण्यासाठीही काचकामगार मँगनीजचा उपयोग करीत आले आहेत.

हे खनिज नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी येथे. भंडारा जिल्ह्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे. आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही सापडते. ते काढण्यासाठी १८९६ साली एक इंग्रज कंपनी स्थापन झाली. त्या काळी येथील दगड जहाजांत भरून परदेशी जाई. १९६२ साली भारत सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी या उद्योगात ५१ टक्के वाटा घेतला आणि १९७७ साली तो संपूर्णपणे सरकारी मालकीचा झाला. ‘मॉईल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

परंतु या धनाला जपावेही लागते. शरीराला मँगनीज अगदी अल्प प्रमाणात हवे असते. पण त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली, तर मेंदूला इजा होते. १८३७ साली स्कॉटलंडमधील कूपर या डॉक्टरांनी मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील बळ जात असल्याचे नोंदवून ठेवले. म्हणूनच खाणीत धूळ उडू नये म्हणून पाणी मारणे आणि कामगारांच्या प्रकृतीची वेळोवेळी तपासणी करणे, यांत कसूर होता कामा नये. दुसरे असे, की खनिज हे धान्यासारखे पेरून उगवत नाही. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत साठविलेले हे धन एकदा काढले, की ती जागा रिकामीच राहते.

हे सर्व सांगून झाल्यावर मी वर्गाला विचारले, “रेल्वेचे रूळ मजबूत कोणामुळे झाले?” कोणी शेलेचे नाव घेतले, कोणी हॅडफील्डचे. मागील बाकावरून एक मुलगी म्हणाली, “याच्या आईमुळेसुद्धा!” या वेळी कोणीही हसले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने तो दगड वर्गातील कपाटात ठेवला. त्याखालच्या कागदावर त्याने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘मँगनीज. माझ्या आईने निवडलेले.’

अभ्यास

१. मुलगा खाली मान घालून का उभा राहिला? शेवटी त्याच्यात कोणता बदल झाला?
२. ‘स्वतः ठिसूळ असलेले मँगनीज पोलादाला मात्र बळ देते.’ हे विधान स्पष्ट करा.
३. खाणकामगारांच्या प्रकृतीची काळजी घेणे का आवश्यक आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : दृष्टीस पडणे, हाती लागणे, कसूर होणे.
५. तुमच्या गावातील एखाद्या कष्टाच्या कामाची माहिती मिळवा व त्याविषयी दहा ओळी लिहा.