जुन्या मोटारसायकलीच्या टाकीतील गंज

पावसाळाभर छपरीत उभी राहिलेली जुनी मोटारसायकल पुष्कळदा नीट सुरू होते, थोडे अंतर चालते आणि मध्येच बंद पडते. कार्ब्युरेटर खोलून पाहावा तर त्याच्या तळाशी तांबूस गाळ साचलेला आढळतो. तो पुसून काढला की गाडी पुन्हा चालते व पुन्हा थांबते. दोष कार्ब्युरेटरचा नसून त्याच्या वर बसविलेल्या टाकीचा असतो.

गंज कसा धरतो

पेट्रोलाने लोखंड गंजत नाही. गंज धरण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात आणि अर्धवट भरलेल्या टाकीत ती आपोआप येतात. टाकीच्या झाकणास हवेसाठी बारीक छिद्र असते. दिवसा उष्णतेने आतील हवा प्रसरण पावून त्यातून बाहेर जाते. रात्री ती आकुंचन पावते व बाहेरील दमट हवा आत ओढली जाते. तिच्यातील बाष्प थंड पत्र्यावर थेंबरूपाने जमते. एक लिटर पेट्रोलाचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम असते, म्हणून त्याहून जड असलेले पाणी तळाशी जाऊन बसते. सांगाड्याच्या नळीवर खोगिरासारख्या बसणाऱ्या टाकीस दोन्ही बाजूंस दोन सखल कप्पे असतात. ज्या कप्प्यास तोटी नसते, तेथील पाण्यास बाहेर पडण्याचा मार्गच नसतो. गंजाचा आरंभ बहुधा तेथेच होतो.

भारतात पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली सुमारे १० टक्क्यांवर व २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. हे पाणी मर्यादेबाहेर वाढले म्हणजे इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलापासून वेगळी होतात आणि तळाशी त्यांचा थर जमतो. सबब जुनी गाडी दीर्घकाळ उभी ठेवणाऱ्याने अधिक दक्ष राहावे.

रिकामी टाकी रिकामी नसते

टाकी साफ करण्यातील खरा धोका गंजाचा नसून वाफेचा आहे. हवेत पेट्रोलाच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असता ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत पेट्रोलाच्या पृष्ठभागावरील वाफ सहसा ह्याहून दाट असते व त्यामुळे ती पेटत नाही. टाकी ओतून रिकामी केली म्हणजे वाफ विरळ होऊ लागते आणि नेमकी ह्या घातक मर्यादेत येते. १४ लिटरच्या टाकीत चहाचा पाव चमचा पेट्रोल उरले, तरी त्याची वाफ स्फोटास पुरेशी होते. ही वाफ हवेहून तीन ते चार पट जड असल्यामुळे झाकण उघडे ठेवले तरी ती सहजी निघून जात नाही. शिवाय गंजाच्या पापुद्र्यांत व पत्र्याच्या सांध्यांत पेट्रोल मुरलेले असते. धुऊन ठेवलेल्या टाकीतही वाफ पुन्हा तयार होऊ शकते.

म्हणून हे काम उघड्यावर, चूल, विडी व विजेच्या ठिणगीपासून दूर करावे. टाकी गाडीवरून उतरवून पेट्रोल धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावे. नंतर साबणाचे पाणी तोंडापर्यंत भरून ओतून टाकावे व हे अनेकदा करावे. आत डोकावण्यास काडी पेटवू नये. टाकीस झाळ मारण्याचे काम घरी मुळीच करू नये.

गंज काढणे

सुटे पापुद्रे काढण्यासाठी टाकीत थोडे पाणी व मूठभर लहान नट घालून ती हलवावी. नट मोजून घालावेत व मोजूनच बाहेर काढावेत. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यास ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, ह्या प्रमाणात द्रावण करून टाकी पूर्ण भरावी. तोटी आधी काढून तिच्या जागी रबरी बूच बसवावे. भरण्याचे तोंड मात्र घट्ट बंद करू नये, कारण आम्लाच्या लोखंडावरील क्रियेने हायड्रोजन वायू निघतो व तोही ज्वालाग्राही आहे. दर काही तासांनी पाहणी करावी; बहुधा एका दिवसात पत्रा करडा दिसू लागतो.

मोरी साफ करण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याचा मोह टाळावा. ते गंजाबरोबर पत्राही झपाट्याने खाते आणि सांध्यांत उरलेले क्लोराइड नव्या गंजास आमंत्रण देते. टाकीस आतून जस्ताचा मुलामा असल्यास कोणतेही आम्ल घालू नये, कारण ते प्रथम तो मुलामाच विरघळवील.

काम येथे संपत नाही

गंज निघताच उघडे पडलेले लोखंड ओल्या स्थितीत काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. त्यासाठी द्रावण ओतल्याबरोबर टाकी पाण्याने खळबळून लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. उरलेले आम्ल त्याने नाहीसे होते व गंजण्याची क्रियाही मंदावते. मग टाकी उपडी करून निथळावी, कडक उन्हात कोरडी करावी आणि आत तेल फिरवून सर्व बाजूंस त्याचा पातळ थर बसवावा. दोन टप्प्यांच्या इंजिनांत पेट्रोलाबरोबर तेल मिसळलेले असते. त्या टाक्यांना असे संरक्षण काही अंशी आपोआप मिळते.

आम्लाने गंज जातो, पण गंजाने खाल्लेला पत्रा परत येत नाही. टाकी पाण्याने भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवावी. कोठे ओल उमटल्यास ती टाकी गाडीवर चढवू नये, कारण तिच्यातून ठिबकणारे पेट्रोल खालच्या तापलेल्या इंजिनावर पडेल. टाकी निर्दोष ठरल्यास ती पुन्हा कोरडी करून तेल फिरवावे, तोटीची गाळणी नवी बसवावी व मगच पेट्रोल भरावे. पुढील पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरावी. मुक्काम अनेक महिन्यांचा असेल तर ती पूर्ण रिकामी व कोरडी करून आतून तेल लावून ठेवावी. अर्धी भरलेली टाकी मात्र कधीही ठेवू नये.