आधी कान, मग पाना

आय. सी. इंजिन्सच्या पेपरला मला ७२ मार्क पडले आणि त्याच दिवाळीच्या सुट्टीत वडिलांची गाडी मी बिघडवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

गोष्ट २००३ ची. घरी १९९३ ची मारुती ८०० होती. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर आणि पॉइंटवाली. कोल्हापूरहून आजोळी वैभववाडीला जायचं तर गगनबावड्यानंतर करूळ घाट लागतो. येताना तोच घाट चढायचा. त्या चढाला गाडी मिस मारायला लागली होती. घरी थंड असताना ठणठणीत आणि घाट अर्धा झाला की धाप लागल्यासारखी. एकदा तर अंधार पडत असताना ऐन वळणावर बंद पडली. मागच्या सीटवर आजी आणि मागून भरलेला ट्रक. त्या दिवशी वडिलांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. बॉनेट उघडून दोन मिनिटांत त्यांनी सांगितलं, “इंजिन उतरवावं लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून वडील गाडी विकायला निघाले. तेव्हा मी, म्हणजे घरातला होणारा इंजिनिअर, पुढे सरसावलो. चढाला ताकद कमी पडते म्हणजे मिश्रण पातळ झालं असणार, असं ठरवून मिक्श्चरचा स्क्रू फिरवला. मिसिंग तसंच राहिलं, अ‍ॅव्हरेज मात्र गेलं आणि पीयूसीला सीओ आला साडेचार टक्के. त्या काळच्या गाड्यांना मर्यादा होती ३ टक्के. थोडक्यात, एका रोगाचे दोन झाले!

शेवटी वडील मला घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले. पत्र्याची शेड, दोन पोरं, भिंतीवर पान्यांच्या रांगा. मी ऐटीत म्हणालो, “काका, जरा मिक्श्चर सेट करून द्या.”

मिस्त्री हात पुसत म्हणाले, “मी काय करायचं ते नंतर सांग. गाडी काय करती ते आधी सांग.”

मित्रांनो, ट्यूनिंगचा पहिला धडा हाच. गॅरेजमध्ये उपाय सांगू नका, लक्षण सांगा. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? चढाला की सपाटीला? कधीपासून? मी स्क्रू फिरवल्याचंही कबूल केलं. ते हसले नाहीत, फक्त “बरं” म्हणाले.

गाडी घरून आल्यामुळे तापलेली होतीच. त्यांनी इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला. ९०० आरपीएमला तीन सिलिंडर मिळून सेकंदाला साधारण २२ वेळा पेट घेतात. ते ठोके सुटे मोजता येत नाहीत, पण लय तुटली की कळतं. आमचा कपटा फडफडताना मधूनच आत ओढला जात होता. मग त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिल्याची काढली, आरपीएम पडला. तिसऱ्याची काढली, पडला. दुसऱ्याची काढली, काहीच फरक नाही. म्हणजे दुसरा सिलिंडर नुसता बसून होता.

आता मी लगेच म्हणालो, “प्लग गेला.” त्यांनी दुसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात घातला. मिसिंग दुसऱ्यातच राहिलं. वायरींचीही तशीच अदलाबदल केली, तरी दुसऱ्यातच. एक पैसा खर्च न करता प्लग आणि वायर दोन्ही निर्दोष सुटले. प्लगांचा रंगही बोलका होता. फिकट तपकिरी हवा, तर पहिला आणि तिसरा काजळीने काळे (ही माझ्या स्क्रूची करामत), आणि दुसरा पेट्रोलने ओला.

मग कॉम्प्रेशन गेज लावला. पहिल्यात आणि तिसऱ्यात साधारण १२ किलो, दुसऱ्यात जेमतेम ८. दुसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वाढला असता. तो फारसा हलला नाही. म्हणजे गळती वर, व्हॉल्व्हकडे.

“गुरुजी, गाडी आज ठेवा,” ते वडिलांना म्हणाले. टॅपेटचा गॅप थंड इंजिनला वेगळा आणि गरमला वेगळा असतो, म्हणून रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी फिलर गेज घेऊन बसले. बाकीच्या व्हॉल्व्हना पाती सरकत होती. दुसऱ्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पातही जाईना.

इथे आपला पेपर कामाला आला! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकतो आणि अंगातली बरीचशी उष्णता तिथूनच हेडला देतो. सीट झिजत गेली की व्हॉल्व्ह आत बसत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि गॅप कमी होतो. घाटात फुल लोडवर व्हॉल्व्ह आणखी तापतो, दांडी लांबते. गॅप उरलेलाच नाही, मग तो पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशन गळतं, सिलिंडर मिस मारतो, उष्णता सीटला देता येत नाही आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून थंड गाडी ठीक आणि घाटात बेजार. गॅप जास्त झाला तर टॅपेट टकटक वाजतो, कमी झाला तर आवाजच नाही. मिस्त्री म्हणाले, “वाजणारा टॅपेट परवडला. मुका नको.”

गॅप सेट केल्यावर दुसऱ्याचं कॉम्प्रेशन ११ च्या वर गेलं. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता; महिनाभर तशीच दामटली असती तर हेड उतरवावं लागलं असतं. त्यानंतर नवे पॉइंट, मग स्ट्रोब लॅम्प लावून टायमिंग, आणि अगदी शेवटी कार्बोरेटर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉम्प्रेशन, मग ठिणगी, मग मिश्रण. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे गणित खरं, पण ज्या सिलिंडरमध्ये दाबच नाही तिथे मिश्रण कितीही अचूक करा, उपयोग शून्य. मी नेमका उलट्या टोकाकडून सुरू झालो होतो.

बिल झालं सव्वाचारशे रुपये. पीयूसी पास झालं. पुढच्या खेपेला घाट एका दमात चढलो, आणि गाडी विकायचा विषय २०१२ पर्यंत निघाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, कार्बोरेटर आणि पॉइंट तर गेले! खरं आहे. मिश्रण आणि टायमिंग आता ईसीयू बघतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींतही फ्युएल इंजेक्शनच आहे. पण स्कॅनर लावल्यावर ‘पी ०३०२’ असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की दुसरा सिलिंडर मिस मारतोय. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे कोड सांगत नाही. ते शोधायला मिस्त्रींचीच पद्धत लागते. (फक्त चालू इंजिनाची वायर ओढण्याचा प्रयोग नव्या गाडीवर करू नका. शॉक बसतो, कॉइल जाऊ शकते आणि न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो.)

तेव्हा बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेताना एवढं करा :

१) लक्षण सांगा, निदान त्यांना करू द्या. स्वतः काही उचापत केली असेल तर तीही सांगा.

२) कोणताही पार्ट बदलण्याआधी “काय मोजलंत?” असं नम्रपणे विचारा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

३) कामाआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा.

४) बदललेले जुने पार्ट मागून घ्या आणि बघा. पुस्तकातल्या फोटोपेक्षा एक काळा प्लग जास्त शिकवतो.

आजही व्हायवाला कुणी “सर, मिक्श्चर लीन असेल” असं धडाक्यात सांगितलं की मी त्याला एवढंच विचारतो, “गाडी काय करते ते आधी सांग.”