घटक ४ : शास्त्रीय निरीक्षणाची भाषा – तिवर आणि त्यावरील अळी

४.१ प्रस्तावना

मागील घटकात तुम्ही वृत्तलेखनाची भाषा अभ्यासली. या घटकात शास्त्रीय निरीक्षण नोंदवणाऱ्या भाषेचा परिचय करून घ्यायचा आहे. पारिभाषिक शब्द वाढवले की लेखन शास्त्रीय होते, असा समज अनेकदा आढळतो. वस्तुतः अशा भाषेची कसोटी क्रियापदापाशी लागते. पाहिले काय आणि ताडले काय, हा भेद तेथेच उघड होतो. एक झाड व त्यावरील एक कीटक यांच्या आधारे हे समजून घेऊ.

४.२ उदाहरण

कांदिवलीच्या पश्चिमेस असलेल्या चारकोप वसाहतीपलीकडे, खाडीच्या बाजूस, खारफुटीचे वन आहे. तिवर हा त्यातील एक प्रमुख वृक्ष. शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरीना. चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वसनमुळे आणि पानांवर साचणारे मिठाचे कण ही त्याची ओळख. मुंबईच्या खाड्यांकाठी पावसाळा सरताना काही वर्षी ही हिरवी झाडे थोड्याच दिवसांत तपकिरी व बोडकी दिसू लागतात. पाहणारा सहज म्हणतो, ‘झाडे मेली.’

याचे एक ज्ञात कारण म्हणजे हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी. क्रेमर या डच अभ्यासकाने १७७७ मध्ये या पतंगाचे वर्णन केले. अळी पानाची कड कापून दुमडते, त्या घडीत राहते आणि पान खाते. अनुकूल हवामानात तिचा जीवनक्रम सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होतो. हीच अळी सागाचीही पाने खाते. केरळातील निलांबूरच्या सागवनांत तिचा दीर्घ अभ्यास झाला आहे. पाने गेली तरी तिवराचे खोड सहसा जिवंत राहते व काही आठवड्यांत नवी पालवी येते.

४.३ विवेचन

पुढील चार वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

(अ) फांद्यांवर पाने नाहीत. उरलेल्या पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत.
(आ) पाने अळीने खाल्ली असावीत.
(इ) या पतंगाची अळी तिवराची पाने खाते.
(ई) झाडे मेली.

(अ) हे निरीक्षण आहे. तेथे जाणारा कोणीही ते पडताळू शकतो. (आ) हे अनुमान आहे. ‘असावीत’ या विध्यर्थी रूपाने लेखक आपल्या खात्रीची मर्यादा सांगतो. त्याजागी ‘खाल्ली आहेत’ असे लिहिताच पुरावा न वाढता केवळ दावा वाढतो. (इ) मधील वर्तमानकाळ आज घडणारी क्रिया दाखवत नाही, नेहमीचा गुणधर्म सांगतो. म्हणून त्यामागे अनेक ठिकाणची, अनेकदा केलेली निरीक्षणे असावी लागतात. (ई) मधील भूतकाळ मात्र प्रश्नच मिटवून टाकतो. चारकोपला राहणाऱ्या प्रस्तुत लेखकानेही एका वर्षी वहीत ‘मेली’ असेच लिहिले होते. दिवाळीनंतर पालवी पाहून तो शब्द खोडावा लागला.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनी खारफुटीला संरक्षण दिले आहे. पण एखादा पट्टा ‘मेलेला’ म्हणून नोंदला गेला, तर त्याची राखण कोण करील? याउलट, भराव टाकून भरतीचे पाणी अडवले तरीही झाडे वाळतात. तेथे न पाहताच ‘अळीच असावी’ असे म्हणणे म्हणजे माणसाचे कृत्य किड्याच्या माथी मारणे होय. म्हणून कुरतडलेल्या कडा, घडी घातलेली पाने, अळीची विष्ठा आधी शोधावी. अनुमान नंतर लिहावे.

नामांबाबतही हीच दक्षता हवी. येथे ‘पानगळ’ हा शब्द चुकीचा ठरतो, कारण पाने आपोआप गळलेली नसून खाल्ली गेली आहेत. ‘कीटक’ हा प्राण्यांचा वर्ग सांगतो, तर ‘कीड’ हा शब्द माणसाचे नुकसान सांगतो. सागाच्या लागवडीत अळीमुळे लाकडाची वाढ घटते. तेथे ‘कीड’ सार्थ आहे. खाडीत तोच शब्द वापरला की फवारणीचा विचार मनात येतो. खेकडे, निवटे, कोळंबीची पिल्ले त्याच चिखलापाण्यात वाढतात, हे तेव्हा विसरले जाते.

४.४ सारांश

निरीक्षण, अनुमान आणि सामान्य नियम यांसाठी मराठीत क्रियापदाची वेगवेगळी रूपे उपलब्ध आहेत. आपल्या पुराव्याला झेपेल तेच रूप निवडणे, हा शास्त्रीय लेखनाचा पहिला नियम होय.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘कीटक’ व ‘कीड’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या घराजवळील एका झाडाचे आठ दिवस निरीक्षण करून दहा वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ‘निरीक्षण’, ‘अनुमान’ किंवा ‘नियम’ अशी नोंद करा. ज्या वाक्यापुढे नोंद करताना अडखळाल, ते पुन्हा लिहा.